आप्पांच्या कॉम्प्युटरवरची पाटी

तू सॉफ्टवेअरमध्ये नक्की काय करायचीस, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, पाट्या रंगवायची. लोकांना वाटतं मी चेष्टा करते. कॉम्प्युटरवर आपण आपलं काम करत असतो आणि मधेच एक चौकट उगवते. नवीन प्रोग्रॅम आलाय, घेणार का, म्हणून विचारते आणि आपण तिच्याकडं न बघता तिला घालवून देतो. ती चौकट कुणीतरी बसून केलेली असते बाबांनो. तिच्यात काय लिहायचं, बटणं किती, कुठलं बटण मोठं, तिनं कधी यायचं आणि कधी गप बसायचं, हे कुणीतरी ठरवतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, दोन हजार सालानंतरची काही वर्षं ते मी ठरवायची. खाली गिरणी सुरू झाली की वर आमचे कीबोर्ड पांढरे व्हायचे आणि सर खिडक्या लावून घ्यायला सांगायचे.

ऑफिसात त्या चौकटीला सगळे पाटीच म्हणायचो. गिऱ्हाइकंही तेच म्हणायची. 'मॅडम, पाटी आलीया ओ, काय करू?' असा फोन दिवसातनं एकदा तरी यायचाच. आमचा प्रोग्रॅम फौंड्रीच्या स्टोअरचा होता. माल किती आला, कुठल्या खात्यानं किती उचलला, शिल्लक किती, एवढंच त्याचं काम. गिऱ्हाइकं बहुतेक शिरोली एमआयडीसीतली, आणि त्यातल्याच एका फौंड्रीत माझे वडील, आप्पा, स्टोअर सांभाळायचे. आप्पा आता नाहीत.

त्यांच्याबद्दल आधी सांगते, कारण या सगळ्यात पणाला लागली ती त्यांची खुर्ची. नव्वदच्या दशकात आप्पा त्याच फौंड्रीत फेटलिंगला होते. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगचे कंगोरे ग्राइंडरवर घासून काढायचे. तोंडाला फडकं बांधलेलं, पण ते नावालाच. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, आधी बाहेरच डोक्यावरनं पाणी ओतायची, आणि ते पाणी काळं वाहायचं. मग खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाले, 'धूळ बंद. परत धुळीत गेलासा तर माझ्याकडं येऊ नका, उपयोग न्हाय.'

आई दुसऱ्या दिवशी मालकांच्या बंगल्यावर गेली आणि पायरीवर बसून राहिली. आमची आई रडत नाही, नुसती बसते. मालक माणूस तसा बरा होता. आप्पांचं अक्षर चांगलं म्हणून त्यांना स्टोअरला घेतलं. आमच्या सगळ्या भावकीत कंपनीत टेबल-खुर्ची मिळालेला हा पहिला माणूस. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले, चुलते हमालीला, आणि आप्पा एकदम खुर्चीवर! पहिल्या दिवशी ते बसलेच नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, 'सवय न्हाय गं. उभ्यानंच बरं वाटतंय.'

उगाच थोरवी सांगत नाही. स्टोअरकीपर म्हणून आप्पा यथातथाच होते. कुठला माल कुठल्या फळीवर ठेवलाय ते विसरायचे, सुपरवायझर त्यांच्यावर ओरडायचे, आणि ओरडलं की ते आणखी विसरायचे. पण तिथं धूळ नव्हती. खोकला कमी झाला. माणूस निवांत झोपायला लागला. आम्हाला दुसरं काही नको होतं.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, गिरणीवरच्या ऑफिसात चिकटले आणि आप्पांनी मालकांना जाऊन सांगितलं, 'माझी पोरगी कॉम्प्युटरवाली हाय.' एवढ्यावर त्या फौंड्रीनं आमचा प्रोग्रॅम घेतला. आप्पांना शिकवायला मीच गेले. एका बोटानं टाइप करायचे, प्रत्येक अक्षराला कीबोर्डवर शोधमोहीम. तरी शिकले. रोज सकाळी फोनची लाईन कॉम्प्युटरला लावून इंटरनेट जोडायचं आणि ऑर्डरीची मेल पाठवायची, हेही शिकले. फक्त पाटी आली की घाबरायचे.

तेव्हा पाटी इंग्लिशमध्ये होती. इंटरनेट जोडलं की प्रोग्रॅम आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला विचारायचा, काही नवीन आहे का, आणि असलं तर पाटी यायची. आप्पा मला म्हणाले, 'ती आली की मी उठतोय बघ. च्या पिऊन येतोय, तवर जाती.'

'जात नाही आप्पा. तुम्ही येईपर्यंत तिथंच असते.'

'मग मी बटनच बंद करतोय.'

'कसलं बटण?'

'भिंतीवरचं.'

मी कपाळावर हात मारून घेतला. चालू कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणानं बंद! प्रोग्रॅममधला हिशोब मधेच तुटतो, असल्या तक्रारी सगळ्या फौंड्र्यांमधनं येत होत्या आणि आमचा प्रोग्रॅमर डोकं धरून बसला होता. त्याचं कारण माझ्याच घरात जेवत होतं.

'पण एवढं भ्यायला काय झालं?'

आप्पा म्हणाले, 'अगं, कंपनीत इंग्लिशमधनं कागद आला म्हंजे तो मेमोच असतोय. कायतर चुकलं असंल म्हणून इचारत असत्यात.'

मी हे सरांना सांगितलं. सर म्हणजे आमचे मालक, मूळचे कुरुंदवाडचे, व्यापारी घरातले, आईशी फोनवर कानडीत आणि आमच्याशी मराठीत बोलायचे. त्यांची अडचण वेगळीच होती. पाटी कुणी दाबत नाही म्हणून प्रत्येक फौंड्रीत प्रोग्रॅमची वेगळी आवृत्ती, फोन आला की आधी अर्धा तास 'तुमच्याकडं कुठली हाय?' हेच चालायचं. सर म्हणाले, 'हे बघ, लोकांनी दाबलं पाहिजे. कसं दाबतील ते तू बघ. आजपासनं पाटी तुझी.'

मी पाटी मराठीत केली. आज हे सांगताना काही वाटत नाही, पण त्या वेळी फौंड्रीतल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटायचीच नाहीत, नुसत्या किडामुंग्या दिसायच्या. म्हणून मी शब्दांचं चित्र काढलं आणि ते चित्रच आमच्याकडनं त्यांच्या स्क्रीनवर जायचं. सोमवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, आप्पांना ऑफिसात घेऊन आले. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, 'नवीन आवृत्ती आली आहे.' मग म्हणाले, 'आवृत्ती म्हंजे कोण?'

मी बदललं. 'नवीन प्रोग्रॅम आला आहे. घेणार का? होय. नाही.'

आप्पा हसले. 'आत्ता कसं! माणसागत इचारलीस की.'

मला इतका आनंद झाला की काय सांगू. डिप्लोमाच्या निकालाला झाला नव्हता. येताना आम्ही मिसळ खाल्ली आणि आप्पांनी हॉटेलवाल्याला, ओळख ना पाळख, सांगितलं की पोरीनं पाटी केलीया. तो बिचारा म्हणाला, 'कुठल्या दुकानाची?'

पाटी गेली. कुठल्या फौंड्रीत कुठलं बटण दाबलं ते आमच्या ऑफिसात दिसायचं, फौंड्रीचं नाव आणि पुढं उत्तर. आम्ही सगळे स्क्रीनभोवती उभे. पहिलं उत्तर आलं, नाही. दुसरं, नाही. दुपारपर्यंत एकजात नाही. आधी निदान पाटीकडं दुर्लक्ष तरी करायचे, आता मराठीत वाचून, समजून-उमजून नाही म्हणत होते. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी एका स्टोअरवाल्याला फोन लावला, 'का ओ, नाही का दाबलंत?'

'मॅडम, म्हाळ चालू हाईत नव्हं. म्हाळात नवीन काय घेत्यात व्हय?'

पितृपंधरवडा! त्या पंधरवड्यात लोक गाडी घेत नाहीत, कापड घेत नाहीत, नवीन कामाला हात घालत नाहीत, आणि माझी पाटी छाती काढून विचारत होती, नवीन घेणार का. इंग्लिश पाटी असती तर त्यांना ते नवीन आहे हे कळलंसुद्धा नसतं.

मला हे ठाऊक नव्हतं का? तसं होतं. शेजारच्या गच्चीवर कावळ्याला पान ठेवतात हे लहानपणापासनं बघितलेलं. पण आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासनं आमच्या घरात श्राद्ध नाही, म्हाळ नाही. तो पंधरवडा कधी येतो नि कधी जातो याचा आमच्या घराला पत्ता नसायचा. सर सगळ्यांच्या देखत म्हणाले, 'जाऊ दे. तुमच्यात नसतंय नव्हं. तुला तरी काय बोलायचं.'

मला सांभाळून घ्यायलाच ते बोलले, हे मला कळत होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. कान तापले माझे. मी म्हटलं, 'सर, तुमच्यात असतंय की. मग तुम्हाला का आठवलं नाही?'

प्रोग्रॅमर स्क्रीनमध्ये तोंड घालून बसला. सर म्हणाले, 'एक तरी होय आलंय का बघ.'

एक आलं होतं. आप्पांच्या फौंड्रीचं.

संध्याकाळी मी घरात पाय ठेवायच्या आत आप्पांनी विचारलं, 'माझं दाबल्यालं दिसलं का तिकडं?'

'दिसलं.'

'नाव आलं?'

'फौंड्रीचं नाव येतं आप्पा.'

'चालतंय की. लगीच दाबलं बघ मी. च्या प्यायला बी उठलो न्हाय.'

पुढं 'नवीन' काढून मी 'दुरुस्ती' लिहिलं. दुरुस्तीला म्हाळ आड येत नाहीत. तर फोन सुरू झाले, 'म्हंजे आदी बिगाडल्यालं दिलंतासा काय आमाला?' मग 'सुधारित' लिहिलं. त्यावर कुणी भांडलं नाही, पण कुणी फारसं दाबलंही नाही. माझी पाटी म्हणजे लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखी झाली, कुणी ये म्हणत नाही, कुणी जा म्हणत नाही. पाटी आल्याबरोबर बटण दाबणारा माणूस सगळ्या शिरोलीत एकच होता.

हेच सरांच्या डोक्यात बसलं. त्या सुमाराला एक मोठा बदल तयार होत होता. भट्टीपाशी एक कॉम्प्युटर, मोल्डिंगला एक, वजनकाटा थेट त्याला जोडलेला. सुपरवायझरनं माल काट्यावर ठेवायचा, एक बटण दाबायचं, स्टोअरच्या शिलकेतनं तेवढा आपोआप वजा. प्रोग्रॅमरनं फळ्यावर बाण काढून समजावून सांगितलं. मी विचारलं, 'आणि स्टोअरवाल्यानं काय करायचं?'

'स्टोअरवाला लागतच नाही,' तो खूश होऊन म्हणाला. 'तीच तर गंमत आहे.'

सर म्हणाले, 'पहिल्यांदा एकाच ठिकाणी सोडू. तिथला माणूस बघा, पाटी आली की दाबतो. बाकीच्यांना दाखवायला तीच फौंड्री बरी.' मग माझ्याकडं वळून, 'वडीलच की तुझे. सोपं झालं.'

ते दुष्ट नव्हते हो. त्यांना दिसलंच नाही. मी सांगितलं, छातीचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. सर म्हणाले, 'एवढे जुने हाईत, देतील की कायतर दुसरं.' आठवड्यानं फौंड्रीत जाऊन आले आणि आनंदानं सांगायला लागले, 'बोलणं झालं. त्यांना काढणार नाहीत. जुन्या जागी घेणार, पगार तोच.'

जुनी जागा म्हणजे फेटलिंग. मी तसं म्हटलं. सर म्हणाले, 'मास्क देत्यात आता,' आणि फोन वाजला म्हणून तो घेतला.

घरी सांगितलं तर आप्पांना आधीच माहीत होतं. भाकरी मोडत म्हणाले, 'सांगितलंय मला.' आई म्हणाली, 'मी जाते. बसते परत पायरीवर.' आप्पा म्हणाले, 'कुणाच्या पायरीवर बसतीस? मालक आजारी, अंथरुणाला धरून हाईत. पोरगं बघतंय आता सगळं. त्ये पुण्यात ऱ्हातंय.' आईनं भाजीचं भांडं उगाच या बाजूचं त्या बाजूला ठेवलं.

मी म्हटलं, 'आप्पा, तुम्ही नाही दाबा. कुणी का सांगेना.'

'मी न्हाय दाबलं तर तुला काय म्हणतील?'

'माझं मी बघीन.'

'बघशील,' आप्पा म्हणाले आणि पाणी प्यायले.

पण 'नाही' दाबायची वेळच आली नाही. सर म्हणाले, 'तू नाही म्हणायला बटण देतीसच कशाला? दिलं की लोक दाबतात. दोनच ठेव. आता आणि नंतर.' मी तसं केलं. करता करता माझ्या ध्यानात आलं की नंतरला शेवट नाही. आज नंतर, उद्या नंतर, कुणी हात धरत नाही. मी दोन्ही बटणं एकाच मापाची केली, उलट 'नंतर' अंमळ ठळकच. सरांच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी मी जिना उतरताना मनातल्या मनात नाचत होते. वेडी.

पाटी आप्पांच्या फौंड्रीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर लावला तर त्यांच्या नावापुढं, नंतर. त्याच्या दुसऱ्या दिवशी, नंतर. मग हे रोजचंच झालं. जिना चढायचा, कॉम्प्युटर लावायचा आणि आप्पांचं नंतर आलंय का ते बघायचं. आलं की दिवस सुरू. घरी आम्ही त्याबद्दल अवाक्षर काढायचो नाही. फक्त एकदा आप्पा म्हणाले, 'मालकाच्या पोरानं पुण्यासनं फोन केलता. इचारतंय, अजून कसं आलं न्हाय? मी म्हणलो, येतंय ओ, रोज येतंय, पण पाटीच नंतर म्हणतीया.' आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग मी, मग आप्पा. हसता हसता आप्पांना खोकला आला आणि आई पाणी आणायला उठली.

त्याच दिवसांत आईनं एका जुन्या लुगड्याचं, आत कापूस घालून, जाडसर बसकर शिवलं. स्टोअरच्या खुर्चीवर टाकायला. खुर्ची लोखंडी होती आणि आप्पांना थंडीत टोचायची. इतकी वर्षं टोचत होती तेव्हा शिवलं नव्हतं. आप्पा पिशवीत घालून घेऊन गेले.

शेवटी सरांनी बघितलंच. 'ह्यांचं रोज नंतर कसं काय? इतके दिवस तर पटापट दाबत होते.' सगळ्यांना कळलं होतं, सरांनाही कळलं असावं, कारण ते माझ्याकडं न बघता म्हणाले, 'नंतरला मर्यादा पाहिजे. काही दिवस झाले की ते बटण गेलं पाहिजे. एकच ठेवायचं.'

'मी करणार नाही,' मी म्हटलं.

'मग हा करील.' सरांनी प्रोग्रॅमरकडं बोट केलं. तो मान खाली घालून माउसची वायर सोडवत बसला. 'माझी बाकीची गिऱ्हाइकं बघायला यायची हाईत तिथं. किती थांबू मी? तूच सांग.'

मी खाली उतरले. गिरणीपाशी उभी राहून चहा प्यायले. राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर ते सापडत नव्हतं. मी नोकरी सोडली असती तरी पाटी थांबणार नव्हती. आप्पा फेटलिंगला जायचे ते जाणारच, वर घरात माझाही पगार नाही. आणि दुसऱ्यानं केली असती तर त्यानं कुठं एवढी चित्रं काढत बसायची? सरळ इंग्लिशमध्ये ठोकली असती. कुठल्यातरी परक्या इंग्लिश पाटीनं माझ्या बापाला उठवायचं, हे मला नको होतं. हा विचार मला तेव्हा पटला. आजही याच्याहून बरा सापडलेला नाही.

वर गेले आणि केली. 'सुधारित प्रोग्रॅम घेत आहोत.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. सरांनी बघितली, म्हणाले, 'छान झालीया,' आणि तिथल्या तिथं सोडली. संध्याकाळी घरी गेले तर आप्पा कॉटवर बसून टीव्हीवर फुटबॉलची मॅच बघत होते, पेठेतल्या दोन तालमींची, स्थानिक केबलवरची, आणि एका पोराला शिव्या घालत होते. आईनं विचारलं, 'काय गं, तोंड का असं?' मी म्हटलं, डोकं दुखतंय. पाटीचं सांगितलंच नाही.

सकाळी ऑफिसात जाऊन बसते न बसते तोच फोन वाजला. आप्पांनी तोवर कधी ऑफिसात फोन केला नव्हता.

'हॅलो, स्टोअरमधनं बोलतोय.'

'आप्पा, मी आहे.'

'तूच हाईस व्हय! बरं झालं. अगं, ते नंतरचं बटन दिसंना झालंय. वर-खाली सगळं बघितलं. चष्मा पुसून बघितलं.'

मागं भट्टीकडचा आवाज येत होता. समोरच्या टेबलावर सर पेपर वाचत होते.

'काढलंय ते, आप्पा.'

'कोण?'

'मी.'

आप्पा मग म्हणाले, 'बरं. मला वाटलं, माझ्याकडनंच कायतर बिगाडलं.'

'नाही. तुमचं काही चुकलं नाही.'

'मग दाबू न्हवं?'

सरांनी पेपरातनं मान वर केली. मी म्हटलं, 'दाबा.'

'हं, दाबलं.' मग माउसचा टक टक आवाज आला. 'कायच हुईना गं. तसंच थांबलंय.'

होणार कसं? स्टोअरला लाईन एकच. एक तर तिच्यावर फोन चालणार, नाहीतर इंटरनेट. ते माझ्याशी बोलत होते तोवर आमचा प्रोग्रॅम त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नव्हता. मला वाटलं, काहीबाही बोलत राहावं. जेवणाचं, मॅचचं, कशाचंही. दिवसभर बोलावं. सर माझ्याकडं बघत होते.

'आप्पा, फोन ठेवायला लागंल. तुम्ही ठेवल्याशिवाय ते येत नाही.'

'असं हाय व्हय,' ते म्हणाले. 'ठेवतो मग.'

त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

'डोकं दुखायचं राहिलं का गं तुझं?' त्यांनी विचारलं.

'राहिलं.'

'गोळी घे न्हायतर एक,' आप्पा म्हणाले, आणि मग फोन ठेवला. थोड्या वेळानं आमच्या स्क्रीनवर त्यांच्या फौंड्रीच्या नावापुढं 'ठीक आहे' आलं.